ऋणमोचनचा घाट आणि श्री संत गाडगे महाराज

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यात पूर्णामाईच्या काठी ऋणमोचन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावात श्रीमुद्गलेश्वर महादेवाचे जुने देवस्थान असून मुद्गल ऋषींच्या नावाशी या स्थानाचा संबंध जोडला जातो. येथे पूर्णेत स्नान करून महादेवाचे दर्शन घेतले असता मनुष्य ऋणातून मोकळा होतो, अशी भाविकांची पूर्वापार श्रद्धा आहे. गावाचे नावही त्यावरूनच पडले. पौष महिन्यातील रविवारी येथे यात्रा भरते व पंचक्रोशीतील लोक बैलगाड्या जुंपून सहकुटुंब येथे येत, असा या भागाचा जुना प्रघात होता.

पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील हा मुलूख खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळीभोर, कसदार. परंतु विहीर खणावी तर पाणी खारट लागते. ते धड पिण्याच्या कामी येत नाही की पिकाच्या. अशा मुलखात नदीचे गोडे पाणी म्हणजे काय, हे तेथल्या माणसालाच ठाऊक. पूर्णेला लोक माई म्हणतात ते उगाच नव्हे. मात्र हीच काळी माती ओली झाली की पायाखालून सरकते. नदीची दरड उतरताना धडधाकट माणसाचाही तोल जावा, मग म्हाताऱ्या माणसांची, कडेवर मूल घेतलेल्या बायांची आणि आंधळ्या-पांगळ्यांची काय कथा! ऋणातून सुटण्यासाठी आलेल्या भाविकाला आधी त्या चिखलातून सुटावे लागे.

ज्या थोर पुरुषाने या दरडीवर पक्का घाट उभा केला, त्यांचे चरित्र पुढे दिले आहे. श्री संत गाडगे महाराजांचे नाव आज महाराष्ट्रात आबालवृद्धांना ठाऊक आहे. खराटा आणि गाडगे या त्यांच्या दोन खुणा शाळेतील मूलही सांगते. परंतु त्यांच्या हातून उभे राहिलेले पहिले मोठे लोकोपयोगी बांधकाम एका खेड्यातील देवस्थानापाशी झाले, आणि त्यांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याची दिशा तेथेच ठरली, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. देवळाच्या कामासाठी घाम गाळणाऱ्या व पदरमोड करणाऱ्या मंडळींना तर ती आवर्जून सांगावयास हवी.

महाराजांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई. त्या काळी वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली होता. कापसाला भाव आला होता, आगगाडी सुरू झाली होती आणि खेड्यापाड्यांत रोकड पैसा खेळू लागला होता. पैशाबरोबर दारूही आली आणि सावकारीही. झिंगराजी दारूच्या नादी लागले. देवाच्या नावाने बकरे कापावयाचे, पंगती उठवावयाच्या व त्या निमित्ताने पुन्हा दारू प्यावयाची, असा तो क्रम होता. १८८४ साली, देबू अवघा आठ वर्षांचा असताना, वडील वारले. आपल्या मुलाला या वाटेला लागू देऊ नकोस, असे त्यांनी अंतकाळी सखूबाईंना बजावले होते, असे चरित्रकार सांगतात.

सखूबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. त्यांचे भाऊ चंद्रभानजी यांची शेतीवाडी चांगली होती. देबू मामाची गुरे राखू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही, परंतु गुराखी पोरांना जमवून त्याने भजनाचे वेड मात्र लावून घेतले. गुरांमागे सगळ्या जातींची पोरे असत. रानात एकमेकांच्या भाकऱ्या एकत्र करून खाताना कोण कोणाचा, हे कोणी विचारीत नसे. थोडा मोठा झाल्यावर देबूने नांगर धरला आणि शेतीच्या कामात तो असा तरबेज झाला की, गावात त्याचे नाव घेतले जाऊ लागले. १८९२ साली त्याचे लग्न कमालपूरच्या कुंताबाईंशी झाले.

याच सुमारास मामाच्या घरावर अरिष्ट आले. चंद्रभानजी भोळा गृहस्थ. अक्षरओळख नाही, सावकाराच्या शब्दावर विश्वास. कर्ज काढावे, पीक आले की फेडावे, आणि फेडल्याची पावती मागणे म्हणजे सावकाराचा अविश्वास दाखविणे, अशी त्या काळच्या कष्टकरी माणसाची समजूत असे. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसताना त्यावर अंगठा उठविला जाई. अशा रीतीने भरल्या घराची जमीन एके दिवशी सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने चंद्रभानजी खचले व त्यातच त्यांचे देहावसान झाले. सगळ्या संसाराचा भार तरण्या देबूजीवर पडला. राहिलेल्या शेताचा ताबा घेण्यास सावकाराची माणसे आली तेव्हा तो बांधावर आडवा उभा राहिला, आणि त्याच्या अंगातील ताकद व मनाचा निर्धार पाहून त्यांना परत फिरावे लागले.

हा प्रसंग साधा समजू नये. पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनातून सांगितले की कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून देवाचे नवस फेडू नका, आणि पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा. त्या साऱ्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या बांधावर आहे. अडाणीपणामुळे शेत कसे जाते, हे त्यांनी पोथीत वाचले नव्हते. घरात पाहिले होते.

देबूजींना पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाई व सोयरे जमले. रिवाजाप्रमाणे बकरे कापले जाईल आणि दारू मिळेल अशी मंडळींची अपेक्षा. देबूजींनी पंगतीत गोडधोड वाढले. पाहुणे रुसले, जातीत कुरबूर झाली, पण हा गडी ढळला नाही. वडील कशाने गेले हे तो विसरला नव्हता. आजच्या वाचकास हे किरकोळ वाटेल. परंतु ज्या काळी जातीची पंचायत माणसास वाळीत टाकू शकत होती, त्या काळी स्वतःच्या घरच्या कार्यात रूढी मोडणे हे मोठ्या सभेत भाषण करण्यापेक्षा कठीण होते.

ऋणमोचनच्या यात्रेला देबूजी गृहस्थाश्रमात असल्यापासून जात. इतर लोक स्नान करीत, दर्शन घेत, बाजार करीत आणि गाड्या जुंपून परत फिरत. देबूजींचे लक्ष मात्र त्या दरडीवर असे. फावडे घेऊन ते निसरड्या वाटेवर पायऱ्या खोदीत, माती-मुरूम टाकीत, घसरणाऱ्यांना हात देत. कोणी सांगितले म्हणून नव्हे, की कोणी पैसे देईल म्हणूनही नव्हे. पाण्याच्या एका पावसाळ्यात ती कच्ची पायवाट वाहून जाई आणि पुढल्या पौषात पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. चिखलात उभे राहून केलेली ही काही वर्षांची चाकरी त्यांना बरेच काही शिकवून गेली असावी. देवाच्या दारी आलेल्या माणसाची सेवा ही देवाचीच सेवा, हे वचन सगळेच म्हणतात. ते अंगमेहनतीने करून पाहणारे थोडे.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नसावी. ऋणातून मुक्त होण्यासाठी लोक येथे येत, आणि कित्येक जण यात्रेच्या खर्चासाठी सावकाराकडून पैसे उचलून येत! नदीत बुडी मारून घरी जावे तो खतावर व्याज चढलेले असावयाचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडातील गोरगरिबांची दैना करून सोडली होती. त्या काळी ऋणमोचन या नावातील अर्थ किती जणांच्या काळजाला भिडला असेल, याची कल्पना करता येते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात देबूजींनी घर सोडले. आई, पत्नी, मुले सगळी झोपेत होती. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढेच बरोबर. पुढे चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, असा त्यांचा वेश लोकांच्या परिचयाचा झाला. गाडगे कधी डोक्यावर असे, कधी त्यातच भिक्षेची भाकर व कालवण घेऊन ते जेवत. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. शेवटी गाडगेबाबा हेच नाव कायम झाले. आपले गाव, नाव, जात ते कोणाला सांगत नसत. गावात शिरले की कोणाच्या वाड्यावर न जाता खराटा घेऊन रस्ता झाडावयास लागत. कोणी भाकर दिली तर तिच्या मोबदल्यात आधी लाकडे फोडून द्यावीत, अंगण झाडून द्यावे, असा त्यांचा नेम. फुकटचे अन्न त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

घरच्या माणसांनी शोध केला. अखेर ऋणमोचनच्या यात्रेतच त्यांची गाठ पडली. ज्या दरडीवर देबूजी पूर्वी राबत होते, तेथेच चिंध्या पांघरलेला हा वेडा राबताना दिसला. सखूबाई रडल्या, कुंताबाईंनी पदर पसरला, गावकऱ्यांनी समजावले. बाबा परत गेले नाहीत. येथे वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वृद्ध आई, तरुण पत्नी आणि लेकरे यांना मागे टाकून जगाचा संसार करण्यास निघणे हे न्यायाचे झाले काय? चरित्रकारांनी हा भाग बहुधा भक्तिभावाने उरकला आहे. परंतु कुंताबाईंनी जे सोसले ते बाबांच्या कार्याच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूस मांडलेच पाहिजे. त्या माउलीने पुढे कष्ट करून मुले वाढविली. बाबांच्या प्रेरणेने लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या तेव्हाही ही बाई झोपडीत राहत होती. धर्मशाळेच्या खोलीत राहण्याची सवलत तिच्यासाठी किंवा मुलांसाठी बाबांनी घेतली नाही, घेऊ दिली नाही.

आता घाटाची हकिकत. दरवर्षी वाहून जाणाऱ्या मातीच्या पायऱ्यांनी भागणार नाही, दगडी घाटच हवा, हे बाबांच्या मनाने घेतले होते. जवळ कवडी नाही. म्हणजे कवडी होती ती कानात. परंतु ज्या माणसाला स्वतःसाठी काही नको, त्याच्या शब्दाला लोकांत एक वजन येते. वऱ्हाडातील व्यापारी, शेतकरी, गावोगावचे पाटील-देशमुख यांच्यापर्यंत त्यांचा शब्द गेला. कोणी पैसा दिला, कोणी सामान दिले, ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. बाबा स्वतः मजुरांत मजूर होऊन राबले. असा हा पूर्णेवरील घाट १९०८ साली बांधला गेला. बाबांना घर सोडून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

नदीवर घाट बांधणे म्हणजे भिंत उभारण्याइतके सोपे काम नव्हे, हे गवंडीकाम जाणणारे सांगतील. काळ्या मातीत पाया धरत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पूर आला की पायथ्याची माती पोखरली जाते. त्यामुळे नदी आटलेली असताना खोल जाऊन घट्ट थर गाठावा लागतो, आणि ही मुदत थोडी असते. पाऊस पडावयाच्या आत काम पाण्याच्या वर आणले नाही तर वर्षाची मेहनत वाहून जावयाची. अशा कामात पैसा वेळेवर आला पाहिजे आणि त्याचा हिशेब चोख राहिला पाहिजे, नाही तर काम अर्ध्यावर राहते व देणाऱ्याचा विश्वास उडतो.

हिशेबाच्या बाबतीत बाबांची शिस्त विलक्षण होती. पैशाला ते स्वतः हात लावीत नसत. वर्गणी ज्या कामासाठी, त्याच कामाच्या पंचांकडे ती जावी आणि लिहिता-वाचता येणाऱ्यांनी तिचा जमाखर्च ठेवावा, अशी त्यांची रीत होती. पुढे जी जी वास्तू उभी राहिली ती त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केली व तिच्यावर आपला किंवा आपल्या वारसांचा काही हक्क नाही अशी व्यवस्था करून ठेवली. स्वतः निरक्षर, परंतु कागद पक्का असल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. मामाचा अंगठा ते विसरले नव्हते, असेच म्हणावे लागेल.

घाट झाल्यावर ऋणमोचनशी त्यांचा संबंध तुटला नाही. पौषातील यात्रेला ते येत. यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी रांगेने बसलेले असत. त्यांना अन्नवस्त्र देण्याचा उपक्रम त्यांनी तेथे सुरू केला. देवापुढे नैवेद्याचे ताट जावयाचे असेल तर जावे, पण बाहेर बसलेला उपाशी राहू नये, ही त्यांची त्यामागील भावना.

बाबांचा आणि देवळांचा संबंध कसा होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्यांच्याविषयी दोन टोकांचे बोलले जाते. कोणी म्हणतात, ते देवळांच्या विरुद्ध होते. कोणी त्यांना चमत्कारी साधू ठरवून त्यांच्याच तसबिरीपुढे नवस बोलतात. दोन्ही गोष्टी खऱ्याला सोडून आहेत. पंढरपूरच्या वारीला ते वर्षानुवर्षे गेले, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात दर्शनाला गेले नाहीत. वाळवंट व रस्ते झाडावेत, वारकऱ्यांची घाण उचलावी आणि रात्री वाळवंटात कीर्तन करावे, ही त्यांची वारी. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत. ज्या देवाला आपण आंघोळ घालतो, ज्याच्या राखणीसाठी आपण कुलूप लावतो आणि दिवा लावल्याशिवाय जो अंधारात दिसत नाही, तो बकरे मागेल कसा, असे ते साध्या वऱ्हाडी बोलीत विचारीत, आणि हसता हसता हजारोंचा समाज विचारात पडे. तुकोबांचे अभंग त्यांच्या जिव्हाग्री होते. आपले म्हणणे ते त्या आधारावर उभे करीत. त्यांच्या उपदेशाने गावोगावच्या यात्रांतील पशुहत्या थांबली. वरवंडे येथे १९३१ साली ती बंद झाली.

देऊळ पाडा, असे मात्र त्यांनी कोठे सांगितले नाही. देवळाकडे येणाऱ्या माणसाची सोय आधी पाहावी, असा त्यांचा क्रम होता. यात्रेकरूला पाणी मिळावे, रात्री निवारा मिळावा, आजाऱ्याला कोणी विचारावे, आणि ही सोय सगळ्यांना सारखी असावी, एवढाच त्यांचा हट्ट. ऋणमोचनचा घाट त्याच हट्टातून झाला. जीर्णोद्धाराच्या कामात कळस केव्हा चढतो इकडे सर्वांचे डोळे असतात. बाबा असते तर त्यांनी आधी पाणवठा कसा आहे, मोरी वाहते की तुंबते आणि देवळाच्या आवारात कोणाला येण्यास कोणी अडवीत तर नाही, हे पाहिले असते.

शेवटची बाब त्यांना सर्वांत अधिक झोंबत असे. पंढरीस अठरापगड जातींचे वारकरी येत, परंतु अस्पृश्य मानलेल्या समाजाला उतरावयास जागा मिळत नसे. ज्या चोखोबांचे नाव वारकरी आदराने घेतात, त्यांचेच जातभाई ऊन-पावसात उघड्यावर पडलेले असत. बाबांनी १९१७ साली पंढरपूर येथे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधण्यास हात घातला. पुढे मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा झाल्या; नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर येथे १९२५ मध्ये गोरक्षणाचे काम झाले, त्याला जोडून धर्मशाळा व विद्यालय निघाले. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपल्या हयातीत उभारलेली पंढरीतील वास्तू शिक्षणासाठी देऊन टाकताना त्यांना तिळमात्र जड गेले नाही. डॉ. आंबेडकरांना बाबांविषयी फार आदर होता, आणि बाबाही आपल्या कीर्तनांतून शिकून मोठे झालेले उदाहरण म्हणून आंबेडकरांचे नाव लोकांपुढे ठेवीत.

शिक्षणावर तर त्यांची अपार श्रद्धा. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचा स्नेह होता. कराड येथे १९५४ साली भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. पाटीपेन्सिल हाती न धरलेल्या माणसाच्या नावाने महाविद्यालय निघावे, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील एक सुंदर घटना होय.

१९२३ साली बाबांवर पुत्रशोकाचा आघात झाला. मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात होते. खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना ही वार्ता त्यांच्या कानी आली. कीर्तन त्यांनी थांबविले नाही. जगात इतक्यांची मुले जातात, त्यांत एका मुलासाठी किती रडावे, अशा अर्थाचे तुकोबांचे स्मरण करून ते पुढे बोलू लागले, असे सांगतात. श्रोते स्तब्ध झाले. या घटनेचे वर्णन करताना बाबांच्या वैराग्याची थोरवी सगळेच गातात, आणि ती थोरवी आहेच. परंतु त्याच वेळी तिकडे वऱ्हाडात कुंताबाई एकट्या होत्या, हेही विसरून चालणार नाही.

पाया पडून घेण्याचा त्यांना अतोनात तिटकारा. कोणी वाकू लागला तर ते काठी उगारीत किंवा सरळ पळ काढीत. हार-तुरे नकोत, मिरवणूक नको, गुरुमंत्र नको. आपला कोणी शिष्य नाही व आपण कोणाचे गुरू नाही, असे त्यांनी वारंवार जाहीर केले. आपल्यामागे आपली मूर्ती बसवू नये, देऊळ बांधू नये, असेही त्यांनी निक्षून सांगितले होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यासारखी मोठमोठी माणसे त्यांना मानीत. बाबांनी त्या मोठेपणाचा उपयोग केला तो धर्मशाळांना जागा मिळवण्यासाठी व सार्वजनिक कामांतील अडचणी दूर करण्यासाठी. मुंबईस जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत आणि त्यांच्या सोबतची माणसे पदपथावर पडून राहत. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये धर्मशाळेची इमारत झाली. पाहा, पूर्णेच्या दरडीवर घसरणारी म्हातारी आणि मुंबईच्या रस्त्यावर आजारी मुलाजवळ बसलेली आई, बाबांच्या लेखी दोघी सारख्याच!

कामाचा पसारा वाढला तसा तो आपल्यामागे नीट चालावा यासाठी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना करण्यात आली. धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे, आश्रम यांचा कारभार मिशनकडे आला. तेव्हा बाबांना शहात्तरावे वर्ष चालू होते. शरीर थकले होते, मधुमेहाने पोखरले होते. तरी फिरणे थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले आहे, ही मराठी माणसाची केवढी मिळकत! त्यांचा तो खणखणीत, किंचित घोगरा वऱ्हाडी स्वर त्यामुळे पुढील पिढ्यांना ऐकावयास मिळाला.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. ती बातमी बाबांच्या जिव्हारी लागली. पुढील दोन आठवडे त्यांची प्रकृती ढासळत गेली. २० डिसेंबर १९५६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मोटारीने अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. घरात नव्हे, आश्रमात नव्हे, चालत्या वाटेवरच. पेढी ही पूर्णेचीच उपनदी. जेथे त्यांनी पहिला घाट बांधला त्याच मुलखात, त्याच नदीच्या लेकीच्या काठी हा प्रवास संपला.

अमरावती येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. बायाबापड्या, शेतकरी, विद्यार्थी, व्यापारी, सगळ्या जातीधर्मांचे लोक लोटले होते. लोकांनी त्यांचे एक ऐकले नाही: अमरावतीस त्यांची समाधी बांधली गेली आणि तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि कित्येक गावांनी त्यात भाग घेऊन गल्ल्या, गटारे, पाणवठे स्वच्छ केले. २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. शेंडगाव, दापुरे, ऋणमोचन आणि वलगाव ही एरवी नकाशात शोधावी लागणारी गावे त्यांच्या चरित्रामुळे महाराष्ट्रास परिचित झाली.

बाबांच्या निधनानंतर त्यांच्या नावावर घर निघाले नाही, शेत निघाले नाही, पेढीवर ठेव निघाली नाही. धर्मशाळा, वसतिगृहे, गोशाळा असे जे काही निघाले ते विश्वस्तांच्या नावे होते, आणि त्याचे कागद नीट होते.